एक्सलचा बूट पुन्हा पुन्हा फाटतो? आधी फाटलेला बूट नीट पाहा

एक्सलच्या जॉइंटवरची रबरी टोपी म्हणजे बूट. नवा बूट टाकला, ग्रीस भरलं, गाडी परत संत्र्याच्या बागेत गेली आणि पावसाळा संपायच्या आत त्याच चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे. काटोल, कळमेश्वर, सावनेर, उमरेड या पट्ट्यात बागेसाठी किंवा फार्महाउसवर ऑफ-रोड युटिलिटी गाडी वापरणाऱ्यांना हा त्रास चांगला माहीत आहे. कामावरचा माणूस येऊन सांगतो, "भाऊ, पुन्हा तेच चाक हाय." मग मालक म्हणतो रबर हलकं निघालं, मेकॅनिक म्हणतो रान खराब आहे, आणि आणखी एक बूट मागवला जातो. रबर हलकं असू शकतं, रान तर खराब आहेच. पण एवढ्यावर थांबलं तर पुढचा बूटही तसाच जातो.

माझा अनुभव असा की बूट कुठे फाटला आणि कसा फाटला, एवढं नीट पाहिलं तर बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. म्हणून जुना बूट ब्लेडने उभा कापून कचऱ्यात टाकायची घाई करू नका. गाडीवर असतानाच त्याचे फोटो काढा. वरची बाजू कुठली, चाकाकडची कुठली, हे खडूने लिहून ठेवा. काढल्यावर केरोसीनमध्ये धुऊन, उन्हात धरून, बोटाने ताणून पाहा. यात फार वेळ जात नाही, आणि पुढचं सगळं काम त्यावर ठरतं.

बूट नेमकं काय करतो

या गाड्यांपैकी बहुतेकांना चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन असतं, म्हणजे प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होतं. त्यामुळे चार एक्सल, प्रत्येक एक्सलच्या दोन टोकांना दोन जॉइंट, आणि एकूण आठ बूट. चाकाकडच्या जॉइंटमध्ये साधारणपणे सहा पोलादी गोळ्या असतात. त्या गोळ्या केजमध्ये, म्हणजे त्यांना जागेवर धरणाऱ्या कडीत बसलेल्या, आणि बाहेरच्या कपाच्या खाचांतून फिरणाऱ्या. पुढच्या चाकाकडचा जॉइंट स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावरही ताकद पोचवतो. चांगल्या बनावटीचा असा जॉइंट ४५ अंशांच्या आसपास वाकू शकतो. गिअरबॉक्सकडचा जॉइंट एवढा वाकत नाही, पण तो आत-बाहेर सरकतो. चाक वर-खाली होताना ए-आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा हात) कमानीत फिरतो, त्यामुळे गिअरबॉक्स ते चाक हे अंतर सतत कमी-जास्त होत राहतं. ते सामावून घेण्याचं काम या आतल्या जॉइंटचं.

बूट म्हणजे या जॉइंटवरची घड्याघड्यांची रबरी टोपी, हार्मोनियमच्या भात्यासारखी. ती एक्सलबरोबर गरगर फिरते, आणि प्रत्येक फेऱ्यात तिच्या एका बाजूच्या घड्या मिटतात, दुसऱ्या बाजूच्या उघडतात. आतलं ग्रीस आत आणि बाहेरची माती बाहेर ठेवायची, एवढंच तिचं काम. ती फाटली की फिरण्याच्या वेगानेच ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि त्याच वाटेने पाणी-माती आत जाते. आपल्या मातीतले बारीक कण उरल्यासुरल्या ग्रीसमध्ये मिसळले की गोळ्या आणि खाचा घासायला लागतात. जॉइंट स्वतः अतिशय टिकाऊ असतो. त्याचा जीव जातो तो या रबरामुळे.

पेंच-ताडोब्याकडे जिप्सी चालवणारे म्हणतात, आमच्याकडे हा प्रकारच नाही. खरं आहे. जिप्सीचा पुढचा एक्सल एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत एकाच अखंड घरात आहे आणि तिचा जॉइंट चाकाजवळच्या पोलादी गोल घरात, सीलच्या आड बंद असतो. उघडा रबरी बूट तिथे नाही. युटिलिटी गाडीला, किंवा स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या थारच्या पुढच्या चाकांना, जिप्सीचा अनुभव लावून उपयोग नाही.

फाटण्याच्या खुणा

सर्वांत सोपी खूण म्हणजे एकच भोक किंवा एकच सरळ चीर, बाकी रबर मऊ आणि धड. हे बाहेरून काहीतरी लागलेलं आहे. फेब्रुवारीपासून पुढे, तूर कापून झाल्यावर आणि पऱ्हाटी छाटल्यावर, असे बूट जास्त येतात. पऱ्हाटी मुळासकट उपटलेली असेल तर प्रश्न नसतो. कोयत्याने तिरकी छाटलेली असेल तर रानात वीतभर उंचीची टोकदार धसकटं उभी राहतात, आणि वाळली की ती टणक होतात. गाडीचं पोट त्यांच्यावरून सहज जातं, बूट मात्र ए-आर्मच्या जवळ खाली लटकलेला असतो. बाभळीचा काटाही असंच करतो, पण त्याचं भोक इतकं बारीक असतं की आधी फक्त ग्रीसचा ओलसर डाग दिसतो आणि चीर नंतर वाढते. या फाटण्याला उपाय दोनच: गार्ड, म्हणजे बुटाच्या आड लावायचं संरक्षक कवच, आणि धसकटांच्या रानातून ओळींना आडवं न जाता दोन ओळींच्या मधून जाणं. चांगला बूट आणूनही धसकट त्याला फाडणारच.

बारीक बाजूच्या, म्हणजे शाफ्टकडच्या (एक्सलच्या दांड्याकडच्या) टोकाजवळ बूट गोल कापला गेला असेल आणि कापलेली कड दोरीने करकचल्यासारखी दिसत असेल, तर शाफ्टवर काय गुंडाळलं गेलं आहे ते शोधा. संत्र्याच्या बागेत हे हमखास होतं. ठिबकची जुनी नळी, क्रेट बांधायची सुतळी, कुंपणातून सुटलेली तार, मल्चिंगचा प्लास्टिक कागद, यातलं काहीही फिरत्या शाफ्टला एकदा धरलं की घट्ट पीळ बसत जातो. वरून चिखल बसल्यामुळे दिसत नाही. नवा बूट बसवताना तो पीळ शाफ्टवर तसाच राहिला तर नवा बूटही त्याच जागी कापला जातो. तारेचा पीळ गिअरबॉक्सच्या तोंडावरच्या ऑइल सीलपर्यंत पोचला तर सीलही जातं, हे वेगळंच.

सगळ्या घड्यांच्या तळाशी बारीक बारीक भेगा, आणि त्याही एकाच बुटावर नाहीत तर आठही बुटांवर थोड्याफार, असं असेल तर रबराचं वय झालं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उघड्यावर उभी राहणारी गाडी महिनोन्‌महिने भाजत असते. रबर कडक होतं, आणि मग पहिल्याच मोठ्या वळणावर घडी उघडताना चिरतं. इथे एकच बूट बदलण्यात अर्थ नाही. फाटलेला बदला आणि बाकीच्यांचा क्रम लावून ठेवा. मागच्या आतल्या बुटांपैकी एकच कडक, चकचकीत, जरा वितळल्यासारखा दिसत असेल तर वयाचा संशय घेऊ नका, सायलेन्सर पाहा. उष्णतारोधक पत्रा सैल झाला किंवा गळून पडला असेल, तर तो बूट सतत शेकला जातो.

घड्या एकमेकींवर घासून गुळगुळीत झाल्या असतील आणि त्या घासलेल्या पट्ट्यावरच बूट गोल फाटला असेल, तर एक्सलचा कोन जास्त आहे. गाडी उंच करायची हौस इथे महागात पडते. स्प्रिंगचा ताण वाढवला, उंची वाढवायचा किट बसवला, की गाडी उभी असतानाच एक्सल खाली तिरका उतरलेला राहतो. मग सरळ रस्त्यावरही बूट वळणात असल्यासारखा दाबलेला. सपाट जागी गाडी उभी करा, हवा बरोबर ठेवा, नेहमीचं वजन लादा आणि मागून वाकून पाहा. दोन्ही बाजूंचे एक्सल सारख्याच कोनात आहेत का? एक बाजू जास्त तिरकी असेल तर त्या बाजूची स्प्रिंग किंवा बुश पाहा. दोन्ही जास्त तिरके असतील तर उंची खाली आणल्याशिवाय बूट टिकणार नाहीत. माझ्या मते बागेत काम करणाऱ्या गाडीला वाढीव उंचीची गरज नसते. क्रेट भरताना ती उलट अडचणच होते.

उंदरांनी कुरतडलेला बूटही ओळखू येतो, कडा दातेरी आणि फाटलेला तुकडा जागेवर नाही. पेरणीपासून दिवाळीपर्यंत गोठ्याशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांना हे होतं.

आणि एक प्रकार असा की बूट फाटलेलाच नसतो. ग्रीस बाहेर आलेलं असतं, मेकॅनिक बूट बदलतो आणि ते पुन्हा बाहेर येतं. क्लँप (बुटाचं टोक आवळणारी पट्टी) सैल आहे, किंवा बुटाचं बारीक टोक शाफ्टवरच्या खाचेत नीट बसलेलं नाही. बूट हाताने पिळून, फुगवून, घड्या उघडून पाहिल्याशिवाय तो फाटला असं ठरवू नका.

काळ्या मातीचा प्रश्न

वरच्या कुठल्याही खुणेपेक्षा आपल्या भागात जास्त दिसणारी खूण ही: बुटाच्या सर्वांत जाड भागावर चारही बाजूंनी एक पट्टा झिजून पातळ, जवळजवळ पॉलिश केल्यासारखा, आणि त्या पातळ पट्ट्यावर कुठेतरी फाट. चीर अचानक पडलेली नसते. रबर आठवडेच्या आठवडे घासत आलेलं असतं.

हे काम काळ्या मातीचं. कापसाची ही माती पाणी प्यायली की फुगते आणि चिकट होते, वाळली की आकसते आणि भेगाळते. जुलै ते सप्टेंबर गाडी रानातून येते तेव्हा ए-आर्म आणि बूट यांच्या मधल्या फटीत चिखल भरलेला असतो. ओला असेपर्यंत तो बुटाला जागा करून देतो, बूट त्यात स्वतःपुरता गोल खड्डा पाडून फिरत राहतो. गाडी रात्रभर उभी राहते, किंवा दोन दिवस उघडीप मिळते. चिखल कडक होतो, आकसतो, आणि तो खड्डा बुटाला चिकटून बसतो. त्यातले चुनखडीचे बारीक खडे आता पक्के रोवलेले असतात. सकाळी गाडी सुरू केली की फिरतं रबर त्यावर घासायला लागतं. रोज थोडं थोडं. बाहेरून काही कळत नाही, कारण वरचा चिखल सगळं झाकून ठेवतो.

गार्ड लावलेल्या गाड्यांना हा त्रास कमी व्हायला हवा, पण कित्येकदा तो वाढतो. गार्ड आणि बूट यांच्यामध्ये बोटभर जागा असते, ती चिखलाने भरते, आणि तो चिखल निघायला वाट उरत नाही. म्हणून गार्ड घेताना खालून मोठी उघडी जागा किंवा भोकं असलेला घ्या, आणि गार्डची आतली बाजू हात घालून साफ करता येते का तेही पाहा. पावसाळ्यात मी तर गार्डपेक्षा रोजच्या साफसफाईवर जास्त भर देतो, आणि उन्हाळ्यात धसकटांसाठी गार्ड परत लावतो.

रोजची साफसफाई म्हणजे संध्याकाळी, माती ओली असतानाच, साध्या पाइपच्या पाण्याने आणि लाकडी चपट्या काडीने फट मोकळी करणं. लोखंडी सळई किंवा स्क्रू-ड्रायव्हर वापरू नका, तोच बूट फाडतो. प्रेशर वॉशरचा बारीक झोत बुटावर मारू नका. तो क्लँपच्या कडेखालून पाणी आत ढकलतो आणि जुन्या रबराला चीरही पाडतो. डिझेलने खालचा भाग धुण्याची आपल्याकडे सवय आहे, ती या गाडीपुरती तरी सोडा. डिझेलने बुटाचं रबर फुगतं आणि कमकुवत होतं. क्रेट घेऊन संध्याकाळी उशिरा परतलेल्या माणसाला हे सगळं जड वाटतं, मलाही कळतं. पण फटीतली माती सकाळी काढायला पाचपट जोर लागतो, आणि तोवर ती बुटाला चिकटलेलीही असते.

तेच चाक पुन्हा पुन्हा

बाहेरचं कारण काहीच दिसत नसेल आणि तरीही एकाच चाकाचा बूट जात असेल, तर रबराचा विचार थांबवून लोखंडाकडे जा. गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) घ्या. चाक वर-खाली धरून हलवा, मग डावी-उजवीकडे. बॉल जॉइंट सैल असेल, ए-आर्मचे बुश गेले असतील किंवा चाकाची बेअरिंग ढिली असेल, तर एक्सलला जायचं त्याहून जास्त अंतर जावं लागतं आणि बूट ताणला जातो. इंजिन किंवा गिअरबॉक्सचं माउंटिंग तुटलं असेल तर आतल्या जॉइंटवर तोच परिणाम होतो. ए-आर्म धसकटाला किंवा बांधाच्या दगडाला आदळून जरासा वाकला असेल, तर त्या बाजूला बूट आणि आर्म यांच्यातली फट कमी झालेली असते. दुसऱ्या बाजूच्या फटीशी बोटाने तुलना करा.

शाफ्टही पाहा. एखाद्या जागी गंज चढून खरखरीत झाला असेल, तर बुटाचं बारीक टोक तिथे खालून कापलं जातं. बारीक पॉलिश पेपरने तो भाग गुळगुळीत करा. खोल खड्डे असतील तर शाफ्टच बदला.

चालवण्याची सवयही यात येते. चिखलात गाडी रुतली की स्टिअरिंग पूर्ण वळवून, फोर-व्हील लावून, पाय दाबून ठेवायचा, हे सगळीकडे दिसतं. पुढचा जॉइंट त्या वेळी आपल्या कमाल कोनात असतो, बुटाच्या घड्या एका बाजूला पूर्ण चेपलेल्या, आणि चाक मोकळं गरगर फिरतं. मग अचानक पकड मिळते. बूट तिथे फाटतो, कधी कधी केजही तुटते. स्टिअरिंग सरळ ठेवा, थोडं मागे-पुढे करा, चाकाखाली पऱ्हाट्या किंवा पोतं टाका.

बूट बदलताना

आधी जॉइंट वाचला आहे का ते ठरवा. मोकळ्या जागी, कमी वेगात, पूर्ण वळणावर गाडी गोल फिरवा. कट-कट-कट आवाज येत असेल तर चाकाकडचा जॉइंट गेलेला आहे. सरळ चालताना वेग घेतला की थरथर आणि सोडला की ठक असा आवाज, तर आतल्या जॉइंटचा संशय घ्या. आवाज करणाऱ्या जॉइंटवर नवा बूट बसवणं म्हणजे पैसे वाया. आवाज नसेल, तर पुढे जा.

गाडी सपाट, टणक जागी घ्या. जॅकवर भरवसा ठेवून खाली शिरू नका, घोडी लावा आणि उरलेल्या चाकांना गुटके द्या. काम सुरू करण्याआधी सगळा भाग धुऊन वाळवा, कारण जॉइंट उघडल्यावर पडलेली एक चिमूट मातीही आत राहते. चाक काढा, स्प्लिट पिन काढा, एक्सलचा नट सोडवा. ब्रेक कॅलिपर काढला तर तो तारेने वर टांगा, नळीवर लटकत ठेवू नका. वरच्या ए-आर्मचा बॉल जॉइंट सोडवला की नकल (हब धरणारा चाकाजवळचा भाग) बाहेर झुकतो आणि एक्सलचं चाकाकडचं टोक हबमधून निघतं.

पुढचं पाऊल जरा सांभाळून. आतलं टोक गिअरबॉक्समध्ये सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने) अडकलेलं असतं. शाफ्टला धरून ओढलं तर एक्सल निघण्याऐवजी आतला जॉइंटच सुटून हातात येतो, गोळ्या खाली सांडतात. आतल्या जॉइंटच्या कपाला, अगदी गिअरबॉक्सलगत, पहार टेकवून एक नेमका झटका द्या. पहार ऑइल सीलच्या कडेवर टेकणार नाही हे पाहा. खाली भांडं ठेवा, थोडं ऑइल येऊ शकतं, ते नंतर मोजून भरा.

एक्सल टेबलावर आला की शिकंजात धरताना कपड्याची किंवा लाकडाची गादी द्या. चाकाकडचा जॉइंट बहुतेक गाड्यांत शाफ्टच्या टोकावरच्या लपलेल्या सर्क्लिपने धरलेला असतो. आतल्या रेसवर (शाफ्टवर बसणाऱ्या, गोळ्यांच्या खाचा असलेल्या कड्यावर) पितळी ड्रिफ्ट, म्हणजे ठोकायचा दांडा ठेवून हातोडीने सरळ ठोकला की निघतो. काही गाड्यांत सर्क्लिप पकडीने उघडावी लागते, म्हणून ठोकण्याआधी बघून घ्या. कपावर किंवा केजवर हातोडी मारायची नाही. सुटे होणारे भाग काढण्याआधी कप, रेस आणि केज यांवर एका ओळीत खूण करा. ते एकमेकांशी घासून जुळलेले असतात आणि त्याच जागी परत जायला हवेत.

केरोसीनने धुवा, ब्रेक क्लीनरने सुकवा, आणि मग प्रकाशात पाहा. खाचेतली चमकदार वाट चालेल. नख अडकेल असा खड्डा, केजला बारीक भेग, निळसर पडलेली गोळी, यातलं काहीही दिसलं तर तो जॉइंट परत बसवू नका.

आता क्रम. बारीक क्लँप, मग बूट, मग मोठा क्लँप, आणि शेवटी जॉइंट. जॉइंट ठोकून बसवल्यावर क्लँप टेबलावरच राहिलेला आढळला तर पुन्हा सगळं काढावं लागतं. शाफ्टच्या दात्यांवर टेप गुंडाळा म्हणजे बूट सरकवताना आतून ओरखडत नाही. सर्क्लिप दरवेळी नवी घाला. ती बुटाच्या किटमध्ये असते आणि जुनी ताणलेली असते.

ग्रीस किटमधल्या पाकिटातलंच वापरा. मॉलिब्डेनम डायसल्फाइड असलेलं हे सीव्ही जॉइंटचं (एक्सलच्या याच जॉइंटचं नाव) खास ग्रीस गोळ्या आणि खाचा यांच्यातला मोठा दाब झेलतं. ट्रॅक्टरच्या निपलमध्ये मारायचं चेसिस ग्रीस स्वस्त आणि हाताशी असतं, म्हणून तेच भरलं जातं. ते इथे टिकत नाही, आणि सगळ्याच ग्रीसचं बुटाच्या रबराशी जमतं असंही नाही. पाकिटातलं साधारण निम्मं जॉइंटमध्ये, गोळ्यांच्या मागेपर्यंत दाबून, आणि निम्मं बुटात. जास्त भरलं तर चांगलं, असं नसतं. जास्तीचं ग्रीस बूट फुगवतं आणि क्लँपच्या कडेने बाहेर येतं.

क्लँपचं काम बहुतेकांकडून घाईत होतं, आणि माझ्या पाहण्यात नव्या बुटांचं नुकसान इथेच सर्वांत जास्त होतं. बांधायची तार आणि प्लास्टिक टाय, दोन्ही चालत नाहीत. तार रबरात रुतते, टाय उन्हात सुटतो. कान असलेला पोलादी क्लँप घ्या आणि त्याच्या खास पकडीनेच दाबा. आधी बारीक टोक शाफ्टच्या खाचेत बसलंय ना, हे बोटाने सगळीकडे फिरवून पाहा. मग मोठं टोक कपाच्या खाचेत. घड्यांना पीळ पडला असेल तर क्लँप दाबण्याआधी सोडवा. पिळलेला बूट दिसायला ठीक दिसतो, पण फिरताना एकाच घडीवर ताण घेतो.

मोठा क्लँप दाबण्याआधी हवा काढा. एक्सल गाडीवर ज्या लांबीत आणि ज्या कोनात असतो, साधारण तसा धरा, आणि बुटाच्या कडेखाली बोथट, गुळगुळीत पट्टी घालून आतली हवा बाहेर-आत समान होऊ द्या. आत हवा जास्त राहिली तर बूट फुगलेला राहतो आणि आर्मला लागतो. कमी राहिली तर घड्या आत ओढल्या जातात आणि फिरताना चिमटतात. बूट सहज, सारखा उघडलेला दिसला पाहिजे.

एक्सल परत बसवताना आतल्या टोकाची सर्क्लिप टक्‌ आवाजाने बसते. मग कप हाताने धरून हळूच बाहेर ओढून पाहा, निघता कामा नये. एक्सलचा नट गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच कसा. अंदाजाने कसलेला नट चाकाची बेअरिंग मारतो. स्प्लिट पिन नवी.

रानात फाटला तर

बागेच्या टोकाला, घरापासून लांब बूट फाटलेला दिसला तर गाडी ओढून नेण्याची गरज सहसा नसते. भोकाभोवतीची माती पुसा, सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी बुटाभोवती घट्ट गुंडाळा, वरून टेप. सरळ, हळू, पाणी टाळत घरी आणा. हा उपाय घरी पोचण्यापुरताच आहे, दुसऱ्या दिवशी त्याच पट्टीवर क्रेट वाहायला निघू नका.

उभी चीर ठेवलेले, चिकटवून बसवायचे बूटही मिळतात, एक्सल न काढता बसतात. कोरड्या, स्वच्छ जागी आणि पूर्ण वाळायला वेळ दिला तर ते काही काळ चालतात. पावसाळ्यातल्या काळ्या मातीत त्यांचा जोड उघडलेला मी अनेकदा पाहिला आहे. हंगामाच्या ऐन गर्दीत पर्याय नसेल तेव्हा वापरा आणि मोकळीक मिळताच अखंड बूट टाका. अखंड बुटांतही साध्या रबरापेक्षा थर्मोप्लास्टिकचे बूट धसकट आणि घासणं जास्त सोसतात. ते थोडे ताठ असतात, म्हणून त्यांना योग्य मापाचा क्लँप आणखी काटेकोरपणे लागतो.

जॉइंट आवाज करत असेल, दोन्ही टोकांचे बूट एकदमच गेलेले असतील आणि शाफ्टवर गंजाचे खड्डे असतील, तर पूर्ण एक्सल बदला. दोन बूट किट, ग्रीस, क्लँप आणि मजुरी यांची बेरीज करून पाहा, मग निर्णय सोपा होतो. स्वस्तातला पूर्ण एक्सल घेताना त्याचेच बूट आणि क्लँप आधी तपासा. बसवण्याआधी बारीक टोकाचा क्लँप हाताने फिरतो का पाहा. फिरत असेल तर तो बदलूनच एक्सल गाडीला लावा.

काम झाल्यावर बुटाखालचा आर्म कापडाने कोरडा पुसून ठेवा आणि दोन-तीन दिवस रानात चालवून परत वाकून बघा. आर्मवर ग्रीसचा डाग नसेल तर ठीक. असेल तर बूट फिरवत फिरवत दोन्ही क्लँपच्या कडेने कोरडं बोट न्या. ज्या टोकाला ओल लागेल तोच क्लँप काढून, त्याखालची खाच पुसून, नवा दाबा.